लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला की हमिंग: नाट्यगृहातली ही कटकट मुळापासून कशी सोडवायची

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "नुसता लॅपटॉप मिक्सरला लावला तर आवाज स्वच्छ. प्रोजेक्टरची केबल खोचली की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू." नाटक असो, कथकचा कार्यक्रम असो की एकांकिका स्पर्धा, तालमीच्या जागेत सगळं नीट चाललेलं असतं आणि नाट्यगृहात सेट लागला की हे डोकं वर काढतं. मग ऑडिओ केबल बदलली जाते, मिक्सरवरचा चॅनेल बदलला जातो, कोणाचा तरी दुसरा लॅपटॉप येतो, आणि तिसरी घंटा झाली तरी हमिंग जिथल्या तिथे.

ऑडिओ केबल बदलून ते जात नाही, कारण दोष तिच्यात नसतोच. वरची तक्रार जशीच्या तशी तुमची असेल, तर हमिंग व्हिडिओच्या केबलमधून येतंय आणि त्याचं मूळ हॉलच्या अर्थिंगमध्ये आहे. शोध तिथूनच सुरू करा.

पार्श्वसंगीत कॅसेटवर आणि नंतर सीडीवर होतं तेव्हा हा त्रास फारसा नव्हता. ते डेक बहुधा दोन पिनांचे असत, त्यांना अर्थिंगची वायर नसे, आणि त्यांची गाठ फक्त मिक्सरशी पडे. आता क्यूलॅबसारख्या सॉफ्टवेअरवर संगीताचे क्यू (ठरलेल्या क्षणी सोडायचे तुकडे) आणि पडद्यावरची दृश्यं एकाच लॅपटॉपमधून सुटतात. एक केबल मिक्सरकडे जाते, दुसरी प्रोजेक्टरकडे. मिक्सरचा अर्थ कंट्रोल रूममधल्या किंवा विंगेतल्या सॉकेटमधून जातो, तर प्रोजेक्टरचा छताजवळच्या सॉकेटमधून, वेगळ्या वायरने, पुष्कळदा वेगळ्या डिस्ट्रिब्युशन बोर्डातून. कागदावर दोन्ही अर्थ एकच. प्रत्यक्षात मधल्या लांबलचक वायरींमुळे दोन टोकांमध्ये व्होल्टेजचा थोडा फरक राहतो. एसी, पंखे, दिवे मंद-प्रखर करणारे डिमर, लाइट्सचे पॉवर सप्लाय यांच्यातून अर्थमध्ये जो थोडाथोडा करंट झिरपत असतो, त्याने हा फरक वाढतो.

लॅपटॉप मध्ये आला की ही दोन टोकं जोडली जातात. एचडीएमआय केबलची शील्ड (आतल्या तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) प्रोजेक्टरच्या अर्थला भिडलेली असते आणि हेडफोनच्या पिनेची शील्ड मिक्सरच्या अर्थला. वर्तुळ पुरं झालं, की त्या शील्डमधून मेन्सच्या विजेचाच ५० हर्ट्झचा करंट फिरू लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. हेडफोनच्या साध्या केबलमध्ये शील्ड हीच सिग्नलची परतीची वायरही असते, त्यामुळे हा करंट थेट आवाजात मिसळतो. लॅपटॉपच्या हेडफोन आउटपुटला सिग्नल फार तर १ व्होल्टच्या आसपास असतो. त्यात १ मिलिव्होल्टचा गोंधळ घुसला तरी तो सिग्नलच्या फक्त ६० डेसिबल खाली असतो. जोरदार संगीतात तो लपतो. पण कथकमध्ये तिहाई समेवर येते, साथ थांबते, आणि फक्त घुंगरांची हलकी थरथर ऐकू यायला हवी असते तेव्हा सभागृहभर घूं पसरलेलं असतं. नर्तकीने कमावलेली शांतता आपल्या केबलीने खाल्ली, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी आवाज ओळखा

सगळं हमिंग एका जातीचं नसतं. खालच्या पट्टीतला, न बदलणारा, गोलसर घूं म्हणजे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी. हा बहुतेक ग्राउंड लूप. करकरीत, मधमाश्यांसारखा झझ्झ असा आवाज असेल आणि लाइट्स वरखाली केल्यावर त्याचा पोत बदलत असेल, तर संशय डिमरवर घ्या. बारीक शिट्टी किंवा चिरचिर, जी माउस हलवला किंवा व्हिडिओ सुरू झाला की बदलते, ती लॅपटॉपच्या किंवा यूएसबी साउंड कार्डाच्या पॉवरमधून येते. फोनवर फुकट मिळणारं एखादं स्पेक्ट्रम ॲनालायझर ॲप उघडून स्पीकरसमोर धरलं तर ५०, १००, १५० वर उभे सुळके दिसतात. फोनच्या माइकला ५० नीट ऐकू येत नाही, त्यामुळे १०० आणि १५० कडे जास्त लक्ष द्या.

आणखी एक खूण फार उपयोगी आहे. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला बोट लावल्यावर आवाज कमी होतो का? होत असेल, तर तुमचा त्रास नेमका उलटा आहे: अर्थ दोन ठिकाणी नाही, एकाही ठिकाणी नाही. दोन पिनांच्या चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या अंगावर बोट फिरवलं की झिणझिण्या येतात, तेच हे. इथे तीन पिनांची केबल असलेला चार्जर लावला की आवाज जातो. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं तरी जातो. प्रोजेक्टर जोडल्यावर सुरू होणारं हमिंग आणि हात लावल्यावर कमी होणारं हमिंग यांत गल्लत केली, तर एकाचा उपाय दुसऱ्याला लावून तास वाया जातो.

शोधायचा क्रम

घाईत सगळ्या वायरी एकदम उपसू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कान देऊन ऐकायचं. स्टेजवरच्या मंडळींना हातोडी थोडा वेळ थांबवायला सांगा.

सुरुवात मिक्सरपासून. सगळे चॅनेल खाली, मास्टरही खाली. तरी स्पीकरमधून घूं येतंय? मग तुमच्या लॅपटॉपचा संबंध नाही. मिक्सर आणि स्पीकर यांच्यामध्येच दोष आहे. सेल्फ-पॉवर्ड स्पीकर स्टेजच्या सॉकेटवर आणि मिक्सर मागच्या खोलीत, अशी रचना असेल आणि मधे कोणी साध्या मोनो जॅकची केबल टाकलेली असेल, तर हे होतंच. तिथे बॅलन्स्ड एक्सएलआर केबल टाका (माइकला असते तशी तीन पिनांची, जिच्यात सिग्नलच्या दोन वायरी शील्डपासून वेगळ्या असतात).

इथे शांत असेल तर मास्टर वर घ्या. मग लॅपटॉपच्या चॅनेलचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर, पण लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर नाही, एचडीएमआय नाही, यूएसबीत काही नाही. शांत? आता चार्जर लावा. ऐका. चार्जर काढा आणि एचडीएमआय लावा. ऐका. मग दोन्ही.

एचडीएमआय लावताना एक गोष्ट नीट बघा. कनेक्टर पूर्ण आत न ढकलता त्याचं फक्त धातूचं तोंड लॅपटॉपच्या पोर्टच्या कडेला टेकवा. चित्र अजून आलेलं नाही, लॅपटॉपला प्रोजेक्टरचा पत्ता नाही, आणि तरी हमिंग सुरू झालं तर लूपच आहे. सिग्नलचा, रेझोल्यूशनचा, सॉफ्टवेअरचा काडीचाही संबंध नाही. धातू धातूला लागला एवढंच झालं. प्रोजेक्टर रिमोटने बंद करून हीच चाचणी केली तरी हमिंग येईल, कारण मेन्सचा प्लग आत आहे तोवर त्याचा अर्थ जोडलेलाच असतो. साउंडवाले आणि प्रोजेक्टरवाले यांच्यात "तुझ्याकडून येतंय" असा वाद लागला, तर ही चाचणी दोघांसमोर करून दाखवा. तो तिथल्या तिथे मिटतो.

तिसरी वाट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लाइट्सही त्याच लॅपटॉपवरून चालत असतील, तर लॅपटॉपचे हुकूम लाइट्सपर्यंत नेणारी यूएसबी-डीएमएक्सची डबी लॅपटॉपला डिमर रॅकच्या अर्थशी जोडते. स्वस्त डब्यांमध्ये आयसोलेशन, म्हणजे दोन बाजूंमधला विजेचा थेट संबंध तोडायची सोय, नसतं. एचडीएमआय काढल्यावरही हमिंग उरलं तर ही डबी काढून बघा. तीच दोषी निघाली तर आयसोलेटेड डीएमएक्स स्प्लिटर लावावा लागतो, किंवा लाइट्स वेगळ्या लॅपटॉपवर न्यावे लागतात.

अर्थची पिन काढू नका

एका तालुक्याच्या गावी नृत्याच्या कार्यक्रमाला हमिंग येत होतं. हॉलवरच्या माणसाने लगेच पक्कड काढली आणि मिक्सरच्या प्लगची वरची जाड पिन उपसायला घेतली. त्याच्या मते हा नेहमीचा इलाज होता, आणि त्याने हमिंग जातंही. लूप तुटतो, त्यामुळे जाणारच. मी तो प्लग त्याच्या हातातून काढून घेतला.

ती पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते, ती सॉकेटमध्ये सर्वांत आधी शिरावी आणि सर्वांत शेवटी निघावी म्हणून. अँप्लिफायरमध्ये कधी फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर करंट अर्थमधून जातो आणि एमसीबी पडतो. अर्थ नसेल तर तो पत्रा २३० व्होल्टवर तसाच उभा राहतो. त्याला जोडलेल्या माइकच्या केबलची शील्डही २३० व्होल्टवर, आणि माइकचं धातूचं अंगही. तो माइक एखाद्या मुलीच्या हातात असतो, ती अनवाणी असते, आणि दुसरा हात सेटच्या लोखंडी चौकटीवर असतो. यात अतिशयोक्ती काही नाही, असे अपघात झालेले आहेत. दोन पिनांचा ॲडॉप्टर मधे घालणं, अर्थच्या पिनेला चिकटपट्टी गुंडाळणं, हे सगळं त्यातच येतं. कोणी तज्ज्ञ म्हणून सांगत असला तरी करू नका, आणि हॉलवर असा तुटका प्लग दिसला तर कार्यक्रमाआधी बदलून घ्या. डीआय बॉक्सवर (लॅपटॉपसारख्या साधनाचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटजोगा करणारी डबी) जे "ग्राउंड लिफ्ट" लिहिलेलं बटण असतं ते मात्र सुरक्षित आहे. ते मेन्सच्या अर्थला हात लावत नाही, ऑडिओ केबलच्या १ नंबरच्या पिनेची शील्ड फक्त सोडवतं.

उपाय

पहिला उपाय फुकटचा: मिक्सर, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांना वीज एकाच बोर्डातून द्या. प्रोजेक्टर लांब असेल तर मिक्सरच्या बोर्डातून तीन पिनांचं चांगलं एक्स्टेन्शन ओढा. नेहमीच्या प्रोजेक्टरला काहीशे वॉट लागतात, ६ अँपिअरच्या सॉकेटला हे जड नाही. फक्त ते सॉकेट डिमरच्या आउटपुटचं नाही ना, हे हॉलच्या इलेक्ट्रिशियनला विचारूनच घ्या. काही ठिकाणी दिवे टांगायच्या बारवरची सॉकेटं सगळीच डिमरची असतात आणि त्यावर प्रोजेक्टर लावला तर तो खराब होतो. एकाच बोर्डावर आणल्याने लूप राहतो, पण त्याच्या दोन टोकांमधला फरक इतका कमी होतो की बहुधा ऐकू येत नाही.

छताला कायमचा बसवलेला प्रोजेक्टर असेल तर हे जमत नाही. मग दुसरा आणि माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय: लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स. ट्रान्सफॉर्मरमध्ये सिग्नल एका गुंडाळीतून दुसरीत चुंबकीय मार्गाने जातो, तांब्याची वायर सलग राहत नाही. लूप तुटतो. लॅपटॉपसाठी स्टिरिओ, ३.५ मिमीचं इनपुट असलेले डीआय मिळतात, तेच घ्या. ग्राउंड लिफ्टचं बटण दोन्हीकडे करून बघा आणि ज्यात शांत असेल तिथे ठेवा.

घेताना 'पॅसिव्ह', म्हणजे स्वतःला वीज न लागणारा, घ्या. ॲक्टिव्ह डीआय मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर (मिक्सर माइकच्या केबलमधून पाठवतो ती वीज) चालतो, आणि त्यातल्या अनेकांत ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे लूप तुटेलच असं नाही. पॅसिव्ह डीआयमधून सिग्नल माइकच्या पातळीला उतरतो, म्हणून तो मिक्सरच्या माइक इनपुटला लावा आणि गेन द्या. फारच स्वस्त डीआयमधला छोटा ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांना दमतो: डग्ग्याचा घुमारा बारीक होतो, ढोल फाटतो. लॅपटॉपचा व्हॉल्यूम ७०–८० टक्क्यांवर ठेवून तुमच्या कार्यक्रमातला सर्वांत जड बेसचा क्यू वाजवून ऐका, आणि मगच डीआय पसंत करा.

व्हिडिओच्या बाजूनेही लूप तोडता येतो. एचडीएमआय लांब न्यायची असेल तर साध्या, शील्ड नसलेल्या कॅट-६ नेटवर्क केबलवरून नेणारा एक्स्टेन्डर वापरा. दोन टोकांना वेगवेगळा पॉवर असेल तर लूप बहुधा तिथेच सुटतो. शील्ड असलेली केबल घातली तर अर्थ पुन्हा तिच्यातून पोचतो, त्यामुळे केबल बघून घ्या. फायबरची एचडीएमआय केबल म्हणून जी मिळते तिच्यात पुष्कळदा फायबरबरोबर तांब्याच्या वायरीही असतात, तेव्हा तिनेही खात्रीने लूप जाईल असं समजू नका. वायरलेसने लूप नक्की जातो, पण चित्र मागे पडतं. नाचाला ते चालत नाही.

यातून निघणारा दुसराच घोटाळा

हमिंगवर उपाय म्हणून कोणीतरी लॅपटॉपची ३.५ मिमी पिन आणि एक्सएलआर अशी तयार केबल आणतो. हमिंग कमी होतं, आणि गाण्यातला आवाजच गायब! वाद्यं ऐकू येतात, गायक नाही. कारण त्या केबलमध्ये डावा चॅनेल २ नंबरच्या पिनेला आणि उजवा ३ नंबरच्या पिनेला जोडलेला असतो. मिक्सर या दोघांतला फरक घेतो. गायकाचा आवाज दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच असतो, त्यामुळे तो वजा होऊन जातो. शिवाय त्या चॅनेलवर फँटम चालू राहिला तर ४८ व्होल्ट लॅपटॉपच्या हेडफोन आउटपुटवर जातात. ती केबल बाजूला ठेवा. वर सांगितलेल्या डीआयने हे दोन्ही प्रश्न उद्भवत नाहीत.

डिमरचा झझ्झ

लाइट्सवाल्याला सांगा: सगळे चॅनेल शून्यापासून पूर्णपर्यंत सावकाश न्या. झझ्झ मध्यावर सर्वांत वाढला आणि पूर्णावर कमी झाला, तर डिमरच. थायरिस्टर डिमर प्रत्येक अर्ध्या लहरीत मधेच वीज सोडतो, आणि निम्म्याच्या आसपास तो धक्का सर्वांत मोठा असतो. एखादा मंद, संध्याकाळचा प्रवेश असेल तेव्हाच बरोबर त्रास होतो, त्याचं कारण हे. साउंडला वेगळी फेज मागा. ऑडिओ केबल डिमरच्या केबलींना समांतर बांधू नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. एकदा स्पीकर म्यूट करूनही ऐका: मोठ्या दिव्यांच्या तारा स्वतःच गुणगुणतात, आणि तो आवाज मिक्सरवर शोधून सापडणार नाही.

मांडव, जनरेटर आणि उन्हाळा

उघड्यावरच्या कार्यक्रमांत कधीकधी अर्थच नसतो. जनरेटरवाल्याला अर्थचा रॉड ठोकला आहे का, हे विचारा आणि डोळ्यांनी बघा. जुन्या हॉलमध्ये मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर एप्रिल-मेमध्ये माती सुकून त्याचा विरोध वाढतो, आणि पावसाळ्यात गप्प असलेला हॉल उन्हाळ्यात गुणगुणू लागतो. खड्ड्यात पाणी घालणं हा तिथला जुना आणि खरा उपाय आहे. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटवर मल्टिमीटरने मोजून घ्या: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढाच, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थ बराच कमी किंवा हेलकावत असेल तर अर्थ तुटलेला आहे. तो दुरुस्त होईपर्यंत कलाकारांच्या हातात वायरचा माइक देऊ नका.

वेळच नसेल तर

स्पर्धेत सेट लावायला मोजकी मिनिटं मिळतात, तिथे वरचं सगळं होत नाही. चार्जर काढा आणि अंक बॅटरीवर करा, अर्धं हमिंग अनेकदा तेवढ्याने जातं. क्यू नसताना लॅपटॉपचा चॅनेल म्यूट ठेवा. निवेदनाच्या किंवा संवादाच्या क्यूंना मिक्सरवर १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावा, संगीताला नको. नॉइज गेटच्या (आवाज हलका असताना चॅनेल आपोआप बंद करणारी सोय) नादी लागू नका, तो संगीताबरोबर उघडतो आणि हमिंगही आत येतं.

पिशवीत एक स्टिरिओ पॅसिव्ह डीआय, दोन एक्सएलआर केबली, तीन पिनांचा चार्जर आणि एक लांब एक्स्टेन्शन कायम ठेवा. प्रयोगाच्या वहीत त्या हॉलच्या पानावर लिहून ठेवा: मिक्सर कोणत्या बोर्डावर होता, प्रोजेक्टर कोणत्या, चार्जर लावल्यावर काय झालं, लिफ्टचं बटण कुठे होतं. पुढच्या वेळी त्या हॉलवर जाणारा ऑपरेटर दुसरा असेल तर ते पान त्याला आधी द्या.